चपटा स्पीकर आणि धर्मा तांडेलाचं वल्हं

या सदरात लिहिणारा प्रत्येक माणूस आधी सांगतो की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि चौथ्या ओळीत त्याच्या आत्येभावाला पिंपळाखाली बाई भेटते. गेली दोन वर्षं मी हे वाचतोय. बाई कायम पांढऱ्या साडीत, पाय कायम उलटे, आणि मोटारसायकल कायम तिथेच बंद पडते. ती का बंद पडली हे तपासावंसं एकालाही वाटत नाही. प्लग काढून पुसला असता तर निम्मी भुतं जागच्या जागी संपली असती.

माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. मी रेडिओ मेकॅनिक. आता वय झालं, मी बोलतो आणि नात टाइप करते. मध्येच कुठे हसरा चेहरा दिसला तर तो तिचा समजावा, मी हसत नाहीये.

जागा मुरुड. तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणायचे. साल नक्की सांगत नाही, साठनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. दिवाळी होऊन गेली होती. बाजाराकडून कोळीवाड्यात उतरणाऱ्या रस्त्यावर डाव्या हाताला माझं दुकान होतं. भरतीचं पाणी शिरू नये म्हणून जमीन उचलून घेतलेली... म्हणजे खांबांवर फळ्या टाकलेल्या, खाली हात-दीड हात पोकळी. ही पोकळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. रेडिओ चालायचे मोटारीच्या बॅटरीवर. बॅटरी उतरली की बाजारातल्या भाताच्या गिरणीवर चार्जिंगला पाठवायची आणि दिवसभर माश्या मारत बसायचं.

गावात मला मास्तर म्हणत. मुंबईला राहून मी रेडिओचा कोर्स केलेला, इंग्रजी मासिकं मागवायचो. गावातल्या लोकांना मी काय समजायचो हे आता लपवण्यात अर्थ नाही. कानाला आवाज लागला की यांना पुरे, तो चांगला की वाईट हे कळायला डोकं लागतं, असं माझं मत होतं आणि ते मी तोंडावर सांगायचो.

श्रीवर्धनचे एक भाऊसाहेब होते. मोठी सुपारीची वाडी, माडीवर फळ्यांच्या जमिनीचा दिवाणखाना आणि भिंतीवर ओळीनं पूर्वजांचे फोटो. त्यांनी कुठल्याशा मासिकात चित्र पाहिलं होतं, भिंतीवर तसबिरीसारखा टांगलेला चपटा स्पीकर. खोकं नको, त्यावर धूळ बसते, असं घरातून सांगणं होतं. त्यांना तसाच हवा होता, फोटोंच्या रांगेत. म्हणजे आजोबा, वडील, स्पीकर आणि मग काका.

"पण मास्तर, डग्गा ऐकू आला पाहिजे हं," ते म्हणाले. "नुसती टिकटिक नको. डग्गा घुमला पाहिजे."

ह्या माणसाला मालकंस आणि मारव्यातला फरक कळत नव्हता, पण डग्गा हवा होता. मी हो म्हटलं. त्यांच्या भिंतीवर माझा स्पीकर लागला असता तर श्रीवर्धनच्या सगळ्या वाडीवाल्यांनी तसाच मागितला असता.

चपटा स्पीकर बनवणं अवघड नाही. चहाच्या खोक्याचं पातळ प्लायवूड घेतलं, काचकागदानं घासून आणखी हलकं केलं, चौकटीत बसवलं आणि मागे मध्यापासून जरा बाजूला जुन्या स्पीकरची कॉइल चिकटवून तिच्यापुढे लोहचुंबक बसवलं. कागदाच्या कोनाऐवजी आख्खी फळी थरथरते. पहिल्या दिवशी लावलं तेव्हा सतार काय वाजली... तारेवर नख फिरलेलं कळत होतं. आणि तबला लागला. उजवा ठणठणीत, डावा बेपत्ता. एकाच हाताचा माणूस वाजवतोय असं वाटावं.

यात गूढ काही नाही. फळी पुढे जाते तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची सैल पडते. सावकाश हलणाऱ्या खर्जाला कडेवरून वळसा घालायला वेळ मिळतो, पुढची-मागची हवा एकमेकींना खाते आणि खर्ज मरतो. इलाज मला माहीत होते. फळी मोठी केली. कडांना जाड लोकरीचा नमदा लावला. मग नमदा काढून कडा मोकळ्या सोडल्या. भिंतीपासून वीतभर पुढे आणली, कोपऱ्यात नेली, जाळ्याच्या शिशाचे तुकडे चिकटवून जड केली. पंधरा दिवस हेच चाललं होतं. डग्गा आला नाही तो नाहीच.

या पंधरा दिवसांत दुकानाच्या फळ्यांवर एक म्हातारा रोज येऊन बसायचा. धर्मा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, मासळी कुठे आहे हे सांगणारा. दोन वर्षांपूर्वी त्याचे कान गेले. पूर्ण गेले, कानाजवळ ताट आपटलं तरी मान वळायची नाही. ओठ बघून थोडंफार समजायचा. कान गेल्यापासून पोरानं, पोशानं, त्याला होडीवर घेणं बंद केलं होतं.

पोशा एकदा माझ्याकडे कानाचं मशीन मिळेल का विचारायला आला होता. मी म्हटलं, मशीनला निदान थोडा तरी कान शिल्लक लागतो. तो उंबऱ्यावर उभा राहून बोलत होता, बापासमोरच, कारण बापाला ऐकू जात नव्हतं.

"दोन वर्सां घोळ न्हाय गावली मास्तर. बा सांगायचा तवा गावायची. मना तसा आयकू येत न्हाय. या वक्ताला बी न्हाय गावली तं होरी इकतो आन् मुंबईला गोदीत जातो. मामानं काम बगून ठेवलाय."

घोळ हा मोठा मासा, कोळ्याचं नशीब काढणारा. तिचा थवा पाण्याखाली बेडकासारखा गुरगुरतो. म्हातारे तांडेल इंजिन बंद करून किंवा शीड उतरवून लहान होडीतून वल्हं पाण्यात सरळ धरायचे, मूठ दातांत चावायचे आणि ऐकायचे. लाकडातून आवाज हाडात जातो. धर्मा तांडेल त्यातला नावाजलेला. हे मला माहीत होतं, आणि मी त्या वल्ह्याला अडाण्यांचा स्टेथोस्कोप म्हणायचो. पोशा उंबऱ्यावर बोलत होता तेव्हा म्हातारा मात्र त्याचे ओठ वाचत होता. होडी विकायची हे त्याला पक्कं कळलं होतं, आणि त्याला ती समुद्रात हवी होती. त्याच्या आयुष्यात तेवढंच उरलं होतं.

एके सकाळी मी रेडिओ लावून फळीला शिव्या घालत होतो. म्हातारा उठला, फळीवर पंजा ठेवला आणि कॉइलच्या बाजूनं कडेपर्यंत सरकवत नेला.

"वरवर बोलते," तो म्हणाला. बहिरे बोलतात तसा मोठ्यानं. "हिला बूड न्हाय."

मी हसलो. त्याला हसणं दिसलं, पण तो घरी गेला आणि आपलं वल्हं घेऊन आला. लहान होडीचं, पुरुषभर उंचीचं, मुठीपाशी दातांनी खोल खोल खड्डे पडलेलं. त्यानं पातं फळीच्या पाठीला टेकवलं, मूठ तिरकी खाली जमिनीच्या फळ्यांवर दाबून बसवली आणि पातं जरा वर-खाली सरकवत राहिला. एका जागी येऊन थांबला.

डग्गा आला.

तोही असा की कपाटातल्या काचा वाजायला लागल्या. याचंही स्पष्टीकरण आहे, उगाच हात जोडू नका. फळीची थरथर वल्ह्यातून जमिनीत उतरली, आख्खी जमीन स्पीकर झाली आणि खालच्या पोकळीनं तिला खोकं पुरवलं. मला हे पंधरा दिवसांत सुचायला हवं होतं. सुचलं नाही, एका बहिऱ्याला सुचलं, याचा मला राग आला.

म्हातारा खाली बसला, वाकला आणि वल्ह्याच्या मुठीला दात लावले. रेडिओवर कुणीतरी बाई गात होती. दोन वर्षांत त्याच्या कानात काही गेलं नव्हतं. तो तसाच बसून राहिला, लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला ते बघवेना. मी रेडिओ बंद केला. बॅटरी फुकट का जाळा, असं मनाला सांगितलं.

आता त्याच दिवशीच्या दुपारचं. नीट वाचा, कारण यानंतर तुम्ही मला पत्रं पाठवणार आहात.

बॅटरी सकाळीच, रेडिओ बंद केल्यावर लगेच, गिरणीवर गेली होती. दुकानात करंट नावाची वस्तू नव्हती. कॉइलच्या दोन्ही तारा मी रेडिओपासून सोडवून मोकळ्या टांगल्या होत्या. ओहोटी पूर्ण लागलेली, पाणी पार लांब गेलेलं, वारा पडलेला. बारा-साडेबाराची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी फळीला शेवटचा काचकागद मारत होतो आणि त्याची पिठासारखी भुकटी चौकटीच्या खालच्या पट्टीवर साचली होती.

म्हातारा आला. वल्ह्याची मूठ जमिनीवरून उचलली, मांडीवर घेतली आणि दातांत धरली. पातं फळीच्या पाठीला टेकलेलंच होतं. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मग भुकटी नाचायला लागली.

आधी भुकटी, मग आवाज. गुर्र... गुर्र... थांबून पुन्हा गुर्र. खूप खालचा. असा खर्ज माझ्या फळीनं कधी काढला नव्हता, आणि आता तर वल्हं जमिनीला टेकलेलंही नव्हतं. मी मोकळ्या तारा हातात घेऊन पाहिल्या. एकमेकींना लागत नव्हत्या, कशालाच लागत नव्हत्या.

म्हाताऱ्यानं दात सोडले. आवाज थांबला. पुन्हा लावले, पुन्हा सुरू झाला. मी त्याला खुणेनं तीन वेळा करायला लावलं आणि तिन्ही वेळा तसंच झालं. मग मूठ त्याच्या हातून घेऊन मी स्वतः चावली. खारट लाकूड, बाकी काही नाही. फळी मेल्यासारखी गप्प. परत त्याला दिली आणि ती बोलायला लागली.

म्हणजे आवाज फळीतून त्याच्याकडे जात नव्हता. त्याच्याकडून फळीत येत होता.

मला लगेच कळलं, म्हातारा घशातून आवाज काढतोय. अगदी साधी गोष्ट. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि पंजा त्याच्या गळ्यावर ठेवला, चांगला दाबून. फळी गुरगुरत होती. भुकटी उडत होती. गळा हलत नव्हता. नाडी लागत होती हाताला, श्वास लागत होता, पण घसा... दगडाचा घसा याहून जास्त हलला असता.

"घोळ हाय," तो दात न सोडताच म्हणाला, आणि बोलला तेव्हा गळा माझ्या हाताखाली थरथरला. बोलणं वेगळं आणि ते वेगळं, हे मला हातानं समजलं. मग त्यानं मूठ सोडली. "लय हाय. कास्याच्या मावळतीला, खडकाच्या पल्याड. पोशाला सांगा. आजच्या भरतीला जाया पायजे."

कासा म्हणजे समोर समुद्रात दिसतो तो किल्ला.

पोशाला बोलवायला लागलं नाही, तो बापाला जेवायला न्यायला येतच होता. म्हातारा इतक्या वर्षांत धावला नसेल तसा धावत खाली उतरला आणि त्याचा दंड धरून सगळं सांगितलं. पोशानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि ती मला मूर्खासारखी वाटली.

"मास्तर, तुमी शिकलेले मानूस. बा बोलतो ता खरा हाय का? तुमी सांगाल तसा करतो. खलाशांना आताच गोला करतो."

मी काय सांगायला हवं होतं? मला ऐकू आलं, कसं ते माहीत नाही, जा. एवढंच. पण मी, मुंबईचा कोर्स केलेला, इंग्रजी मासिकं वाचणारा, कोळीवाड्याच्या तोंडावर उभा राहून म्हणू की बहिऱ्याच्या दातातून घोळ बोलली? संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. भाऊसाहेबांच्या कानावर गेलं असतं.

"काही नाही रे," मी म्हटलं. "तुझा बाप घशातून आवाज काढतोय. मी गळ्यावर हात ठेवून बघितलं."

म्हातारा माझे ओठ वाचत होता. त्यानं स्वतःचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"मी आवाज काढत व्हतो?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. हो.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही. आपण कधी बोलतो, कधी पुटपुटतो, हे त्याला दुसऱ्यावर विश्वास ठेवून मानावं लागतं. त्यानं माझ्यावर ठेवला. पोराकडे वळून म्हणाला, "मंग भास आसंल. म्हातारपन हाय. चल." आणि दोघं जेवायला गेले. पोशाची होडी त्या भरतीला वाळूवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बातमी आली. खाडीपलीकडच्या एकदऱ्याच्या होड्या घोळीनं भरून परत आल्या होत्या. कुठे मिळाली हे विचारायची मला गरज नव्हती, तरी विचारलं. कास्याच्या मावळतीला, खडकाच्या पलीकडे. एकदऱ्याला वाजंत्री लागली होती, वारा इकडे असल्यामुळे माझ्या दुकानात ती स्पष्ट ऐकू येत होती.

धर्मा तांडेल आला. मला वाटलं होतं शिव्या देईल, आणि त्या मी घेतल्या असत्या. तो नेहमीच्या जागी बसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी बोललाव मीच आवाज काढत व्हतो. मंग मना जागा कशी कलली?"

"योगायोग," मी म्हटलं.

त्याला ओठ वाचता आले नाहीत. "काय?"

"योगायोग."

त्यानं पुन्हा मान पुढे केली. तिसऱ्यांदा मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की समोरचा वाणी बाहेर येऊन बघायला लागला. म्हाताऱ्याला तरी कळलं की नाही कुणास ठाऊक. तो उठला. वल्हं उचलेल असं वाटलं, पण त्यानं त्याला हात लावला नाही.

"ठेवा तुमाला," तो म्हणाला. "तुमची फली बोलती करा."

पोशानं होडी एकदऱ्याच्याच माणसाला विकली आणि गोदीत गेला. मला तो एका शब्दानं बोलला नाही. म्हातारा पुढे दीड-दोन वर्षं होता. माझ्या दुकानावरून जाताना मान वळवायचा नाही. मलाही बोलवायला तोंड नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं, असा विचार करून मी स्वतःची सोय लावली.

भाऊसाहेबांचं काम झालं. राजपुरीहून तरीनं खाडी ओलांडून दिघी आणि पुढे एसटीच्या टपावर टाकून फळी आणि वल्हं श्रीवर्धनला नेलं. आजोबा, वडील, स्पीकर, काका. वल्हं फळीमागून सरळ खाली माडीच्या जमिनीवर उतरवायचं होतं, पण हातभर जास्त होत होतं. मी करवतीनं मुठीकडचा भाग कापला. डग्गा असा घुमला की खाली बांधलेली म्हैस उठून उभी राहिली. भाऊसाहेब म्हणाले, "वा मास्तर, याला म्हणतात डोकं." मी म्हटलं, अनुभव लागतो.

स्पष्टीकरणं मी सगळी करून बसलोय, तुम्ही तसदी घेऊ नका. लाटांची थरथर? मग ती मी चावल्यावरही यायला हवी होती. त्याच्या हृदयाचे ठोके? ते मला हाताला लागत होते, त्यांचा ताल वेगळा होता. जुन्या आठवणीनं जागा सांगितली? असेल. पण जागेच्या आठवणीनं भुकटी उडत नाही. आणि पिंपळवाल्या मंडळींनी तर कृपा करून लांबच राहावं, धर्मा तांडेल तेव्हा चांगला जिवंत होता आणि माझ्यासमोर बसला होता. तो आवाज काय होता, मला माहीत नाही. साठ वर्षं झाली, अजून माहीत नाही.

कापलेला हातभर तुकडा माझ्याकडे आहे. मुठीपाशी दातांचे खड्डे तसेच आहेत. वर्षातून एकदा, दिवाळी झाली की, घरात कुणी नसताना मी तो बाहेर काढतो. कवळी काढून पाण्यात ठेवतो, कारण कवळीनं लाकडावर पकड येत नाही, आणि त्या खड्ड्यांवर नुसत्या हिरड्या लावून बसतो. एक हात गळ्यावर ठेवतो. हातभर तुकड्याला ना पातं, ना पुढे फळी, ना पाणी. काही ऐकू येत नाही.